वाटणात सापडलेला समुद्र

सुक्या मासळीचा वास आला की नंदुरबारचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. माशाच्या कानात बारीक खडा असतो आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार त्यात थराथरानं साठतात, हे मी कॉलेजात नुकतंच शिकले होते. आणि इथे माय बाजारातली समुद्राची बारकी सुकी मासळी डोक्यांसकट, लाल मिरचीबरोबर पाट्यावर वाटायला बसलेली! "थांब माय!" म्हणत तो खडा शोधायला मी वाटणात बोटं खुपसली. "दगड काबर धुंडी ऱ्हायनी व?" मी दगड कशाला शोधतेय म्हणून ती वैतागली. बोटांची आग, डोळ्यांना धार, आणि एकदम नखावर पांढरा कण! "माय, यामा समुद्र शे!" मी नाचायलाच लागले. आज प्रयोगशाळेत असे खडे रोज तपासते; पण त्या दिवशी समुद्र कधीच न पाहिलेल्या मायनं तो कण हळूच जिभेला लावला होता आणि ती म्हणाली होती, "तिखट शे व तुन्हा समुद्र!"