शेवटच्या घरातली दोन माणसं

ती वाडी आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पोलिसात उभं आयुष्य गेलं. रुळांवरचे देह उचलले, विहिरीतून फुगलेली प्रेतं काढली, पण झोपेतून कधी दचकून उठलो नाही. त्या घराचं शेणाने सारवलेलं ओलं अंगण मात्र अजून मधूनच दिसतं. इथे नाव कोणाचंच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांनाही इज्जत असते.

मी सातवी नापास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. ग्रॅज्युएट फौजदार माझ्या हाताखालून, म्हणजे खरं तर माझ्या डोक्यावरून, पुढे गेले. पण माणूस कसा वाचायचा ते माझ्याकडूनच शिकून गेले. हे मी छाती ठोकून सांगतो. त्या वेळी मी हवालदार होतो.

बदलापूरच्या मागे, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. त्या भागात जमिनीला भाव आला तशी दोघांत बांधांवरून जुंपली. कोयते निघाले, दगड चालले, दोन्हीकडच्या लोकांवर केसेस झाल्या. एकमेकांच्या घरचं पाणीही बंद. अशात घरांचा आणि शेतीचा सर्वे आला. घरात माणसं किती, शेत कोणाचं, पिकतं काय, सगळं लिहायचं. यादीत नाव नाही त्याची जमीन गेली, अशी अफवा आधीच पोचलेली. तिकडे जायला कोणी तयार होईना. शेवटी बेलवलीची एक बाई हो म्हणाली. चाळिशीची, कंत्राटावरची, घरात कमावणारी ती एकटीच. तोंडाची फटकळ. तिच्यासोबत बंदोबस्ताला मला धाडलं.

दोन दिवस आम्ही फिरलो. डोंगरात रेंज नव्हती, म्हणून फॉर्म कागदी. ती विचारायची, लिहायची, अंगठा घ्यायची. मी मागे काठी टेकून उभा.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. दोन वाड्यांच्या मधोमध ओढ्याकडेला एक शेत होतं. काळी, भुसभुशीत जमीन. वीतभर बांधासाठी डोकी फोडणाऱ्या लोकांनी ते शेत मात्र पडीक सोडलेलं. नांगर नाही, गुरंसुद्धा चरायला घातलेली नाहीत. मी विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "ती जमीन नाय चांगली, सायेब." बस. एवढंच.

त्या शेताच्या वर, वाडीपासून तुटलेलं एक शेवटचं घर. चढ उभा होता आणि माझा गुडघा ठणकत होता.

"बाई, तिथे कोणी राहत नसेल. चला."

"कौलातून धूर दिसतो, हवालदारसाहेब. तुम्ही बसा जांभळीखाली. मी जाते. खाली-पिली पाय कशाला तोडता?"

मी बसलो. अर्ध्या तासाने ती परत आली. "एक म्हातारी आहे. सगळी माहिती दिली, गुळाचा खडाही दिला." संध्याकाळी ठाण्यात परतल्यावर डायरीत नोंद केली, 'सर्वे कर्मचाऱ्यासोबत प्रत्येक घरी हजर होतो.' नोंद अशीच करतात. मीही तशीच केली.

पुढच्या आठवड्यात वाडीत यादीचं वाचन झालं. शेवटच्या घराची पाळी आली. मग वरच्या वाडीचा एक उठला. "त्या घरान कोन नाय. बाईल तापाने मेली, नवरा सुरतेला गेला. चार वरसं घर बंद हाय." खालच्या वाडीचा उठला. "त्या घरान कोन नाय. बाईल तापाने मेली, नवरा सुरतेला गेला." तिसरा, चौथा. शब्दाला शब्द तोच. शेवटी एक बाई पदर तोंडाशी धरून पुटपुटली, "ती मेलेलीच दिसते तिथं. दुपारची. आमी बगतो ना धूर."

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांच्या सह्यांचा अर्ज ठाण्यात आला. सर्वेवाल्या बाईने जमीन लाटायला खोटं कुटुंब दाखवलं, म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल करा. नोकरीवरून काढून तर तिला घरी बसवलंच होतं. आता अटकेची पाळी होती.

फौजदार साहेबांनी तिला बाकावर बसवून विचारलं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे होते ना सोबत! विचारा ह्यांना."

"हवालदार, तुम्ही पाहिली म्हातारी?"

डायरी टेबलावर उघडी होती, माझ्या अक्षरातली. मी म्हणालो, "लांबून पाहिली, साहेब."

बाईने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

साहेब म्हणाले, "लांबून पाहिलेल्यावर काय होतं? उद्या दुपारपर्यंत ती म्हातारी उभी करा. नाहीतर गुन्हा घेतो."

तो फॉर्म मी घरी आणला. अक्षराखाली बोट ठेवत वाचला, मला तसंच वाचता येतं. कुटुंबप्रमुखाचं नाव होतं. माहिती देणारी, पत्नी. कुटुंबात माणसं दोन. प्रमुख सध्या कुठे, तर शेतात.

सकाळीच बाईच्या दारात गेलो. तिने आत या म्हटलं नाही.

"त्या माणसाचं नाव कोणी सांगितलं?"

"तिनेच."

"स्वतःच्या तोंडाने? सरळ?"

"मग काय गाऊन? विचारलं, सांगितलं. मी पत्नी लिहिलं. घरात दुसरं कोण असणार?"

तिथेच मला गाठ सुटल्यासारखं वाटलं. माझी आई मरेपर्यंत वडिलांचं नाव बोलली नाही. रेशनच्या खिडकीवर मला पुढे ढकलायची, नाव मी सांगायचो. डोंगरातली साठीची बाई परक्यापुढे नवऱ्याचं नाव असं घेईल? शक्य नाही. भावाचं मात्र घेईल. आणि दुसरं, एकमेकांचं पाणी न पिणारी माणसं एकच वाक्य बोलतात तेव्हा ते वाक्य कोणीतरी कधीतरी एकत्र बसून ठरवलेलं असतं.

या वेळी गुडघ्याला विचारलं नाही. एकटाच चढलो. बारा वाजून गेले होते. पान हलत नव्हतं. अंगण सारवलेलं, अजून ओलं. बोटांचे अर्धगोल उठलेले. दार नुसतं लोटलेलं. आत चुलीत निखारे, तव्यावर एक भाकरी, आणि पाट मांडलेले दोन. हाक मारली. आवाज घरातच राहिला. खाली दोन्ही वाड्यांची माणसं आपापल्या बांधावर येऊन उभी होती. ओरडत नव्हती, नुसती बघत होती. जमाव पुष्कळ पाहिले, पण इतका गप्प जमाव पाहिला नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. तरी ओट्यावर बसून राहिलो.

मग ती दिसली. पडीक शेताच्या मध्ये, तांब्या घेऊन वाकलेली. एकाच जागी पाणी ओतत होती. ओतून झालं आणि माझ्याकडे चालत आली. पायात चपला होत्या. तेवढ्यानेच मला धीर आला.

"आलास?" ती म्हणाली. "लई वेळ लावलास, जमादारा."

"मला ओळखता?"

"चार वरसामागं तुझ्या ठाण्यात आलती. भाऊ हरवला म्हनून. तू बाकावर बसवलंस. मंग बोललास, मोठा बाप्या हाय, गेला असंल कामाला, येईल. लिवलं नायस."

मला आठवेना. आजही आठवत नाही. हे सगळ्यात वाईट.

उल्हासनगरात कॅम्पमध्ये घरी बसून जीन्सचे धागे कापायची ती. सर्वे येणार हे कानावर आलं तशी ओढ्याच्या बाजूने येऊन भावाच्या घरात राहू लागली. बाकीचं तिच्या आणि पुढे वाडीवाल्यांच्या जबाबांतून कळलं. भावाची बायको आधीच तापाने गेलेली. चार वर्षांपूर्वी वाड्यांत दगड चालले त्या दिवशी भाऊ दोन्ही जमावांच्या मध्ये, स्वतःच्या बांधावर हात जोडून उभा राहिला होता. दगड दोन्हीकडून आले. कोणाचा लागला हे कोणालाच सांगता येईना, म्हणून दोन्ही वाड्यांनी मिळून खड्डा खणला आणि मिळून सुरत ठरवली.

"जागा तुम्हाला कशी कळली?"

"त्याचा कुत्रा. चार वरसामागं त्याला शोदत आले तवा तिथं बसलेला. भाकर दाखवली तरी उठला नाय. तिथंच मेला."

"मग फॉर्मात भाऊ जिवंत का सांगितलात?"

"मेला सांगून कोन शोधतो? जित्ता लिवला तर इचारतील तरी, कुटं हाय तो. मी खोटं नाय बोलले. शेतात हाय बोलले."

तिला घेऊन ठाण्यात आलो. वाटेत बांधावरच्या माणसांनी वाट दिली, एकही डोळा वर झाला नाही. साहेबांपुढे म्हातारी उभी केली. तिचा जबाब सुरू होण्याआधी म्हणालो, "साहेब, माझा आधी घ्या. मी त्या घरी गेलो नव्हतो. जांभळीखाली बसलो होतो. म्हातारी पाहिलीच नव्हती. बाईने खरं लिहिलं. खोटं मी लिहिलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हवालदार, फौजदारकीच्या बढतीची यादी पुढच्या महिन्यात आहे. कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

यादीत माझं नाव आलं नाही. खात्याची चौकशी लागली, तीही भोगली.

तहसीलदार आणि पंचांसमोर जमीन उकरली. तीन फुटांवर तो सापडला. मनगटावर चांदीचं कडं होतं, बहिणीने ते पाहून मान हलवली. केस पुढे वर्षानुवर्षं चालली. कोणाचा दगड, हे कोर्टालाही कळलं नाही. प्रेत पुरल्याबद्दल मात्र दोन्हीकडचे आत गेले. बाईवरचा अर्ज निकाली निघाला आणि तिला कामावर परत घेतलं. माझ्याशी ती पुढे कितीतरी दिवस बोलत नव्हती.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं? गुन्हेगार ओळखायला नाही शिकवलं, ते मला येत होतं. मी न लिहिलेली एक ओळ आणि न जाता लिहिलेली एक ओळ, या दोन्हींच्या मध्ये एक माणूस चार वर्षं पुरलेला होता, एवढं शिकवलं. त्यानंतर पाहिल्याशिवाय मी काही लिहिलं नाही, आणि बाकावर बसलेल्या कोणाला न लिहिता उठवलं नाही.

फॉर्म दुरुस्त करायला सर्वेवाली बाई पुन्हा त्या घरी गेली. मी सोबत चढलो. या वेळी आत, चुलीपाशी उभा राहिलो. तिने 'पत्नी' खोडून 'बहीण' लिहिलं. मग विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?"

म्हातारीने दारातून खालच्या शेताकडे पाहिलं. तिथे आता नुसता खड्डा होता. पाट एकच मांडलेला.

"एक," ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.