पंपाच्या खोलीवरचा शब्द

पंपाच्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हुकूमशहा’. ते आमच्या ह्यांच्यासाठीच होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. इमारतीच्या पाण्याची चावी ह्यांच्याच खिशात असायची.

दुसऱ्या कुणी आकाशपाताळ एक केलं असतं. मी केलंच, जिन्यात उभी राहून सगळ्यांच्या नावाने खडे फोडले. हे मात्र कमरेवर हात ठेवून त्या शब्दाकडे बघत राहिले. “अगं, हा शब्द मुळात आला कुठून असेल?” आता बोला!

माणूसच तसा. जन्म कारखान्यात लेथवर गेला. घरात घड्याळ येवो की इस्त्री, आधी उघडून बघणार, मग वापरणार. निवृत्त झाल्यावर उघडायला काही उरलं नाही आणि नेमकी तेव्हाच पाण्याची टंचाई आली. खालचे मजले पाणी ओढून घ्यायचे, वरच्यांच्या बादल्या कोरड्या. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा गच्चीवर सभा झाली आणि सगळे ह्यांना म्हणाले, “टंचाई संपेपर्यंत तुम्ही सांगाल तसं.” ह्यांनी प्रत्येक घराच्या व्हॉल्व्हचं चाक काढून टाकलं आणि जुन्या कारखान्यात जाऊन लेथवर एक चावी घडवली. त्या एका चावीशिवाय कुणाचंच पाणी सुरू होईना की बंद होईना.

टंचाईभर ह्यांनी कारभार असा चोख केला की मलाही अभिमान वाटायचा. पण टंचाई संपली तरी चावी खिशातच. कुणी गाडी धुतली, पाणी बंद. कुणाची टाकी वाहिली, पाणी बंद. उलट बोललं तर विचारूच नका. मी म्हटलं, “अहो, आता द्या की चावी परत.” तर म्हणाले, “कुणी मागितली का?”

आणि आता हे त्या शब्दाच्या मागे लागले. न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला, हुकूमशहा म्हणजे माझी बायको. टीव्ही लावला, तर दोन पक्षांचे दोघे एकमेकांना तेच म्हणत होते. मग रद्दी उपसली. कुठल्याशा देशाचा एक नेता खुर्चीवर होता तोवर आमचा पेपर त्याला ‘खंबीर’ म्हणत होता. तो देश सोडून पळाला, की दुसऱ्या दिवशी ‘हुकूमशहा’. “माणूस तोच, मिशी तीच,” हे म्हणाले. “मग बदललं काय?”

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्या शाळेत इतिहास शिकवतात. म्हाताऱ्या आईला अंथरुणावरून उठवत नाही, तिचं सगळं त्याच करतात. मीही मागोमाग गेले.

बाईंनी चहा टाकला आणि सांगायला लागल्या. “काका, हुकूमशहाला इंग्रजीत डिक्टेटर म्हणतात ना, ते मुळात रोममधलं रीतसर पद. मोठं संकट आलं की एकाच्या हाती सगळा अधिकार द्यायचे, फार तर सहा महिने. काम झालं की त्याने तो परत करायचा.”

“बघ!” हे माझ्याकडे वळले. चेहरा कसा फुललेला.

“टायरंट हा तसाच दुसरा शब्द, ग्रीकांचा. हक्क नसताना सत्ता घेतलेला माणूस. सुरुवातीला ती शिवी नव्हती. त्यांच्यातल्या काहींनी शहरात पाणीसुद्धा आणलं.” हे आता हवेतच. “आणि डेस्पॉट म्हणजे मुळात घरधनी.”

“मग तो मान ह्यांना आमच्याकडे कधीच मिळाला नाही,” मी म्हटलं.

बाई हसल्या. ह्यांनी विचारलं, “इतके बरे शब्द होते, मग नासले कधी?”

“रोममध्ये एकाने मुदतच काढून टाकली. पुढे दुसऱ्याने ते पद तहहयात घेतलं. त्याचा लोकांनी खून केला.”

ह्यांनी हळूच विचारलं, “दारावर कुणी लिहिलं असेल, बाई?”

“मी.”

अक्षर इतकं वळणदार होतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाई म्हणाल्या, “माझी टाकी वाहिली म्हणून तुम्ही दिवसभर पाणी बंद केलंत. आईचं अंथरूण खराब झालं होतं. शेजारून तांब्या तांब्या आणून पुसलं तिला. खाली येऊन तुमच्याकडे मागायची भीती वाटली हो, काका. तुमच्याकडे! लहानपणी माझी सायकल तुम्ही दुरुस्त करून द्यायचात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचा चहा तसाच राहिला.

रविवारी ह्यांनी गच्चीवर सभा बोलावली आणि चावी सगळ्यांसमोर खुर्चीवर ठेवली. “घ्या. माझं काम कधीच संपलंय.”

कुणी जागचं हलेना. “राहू द्या की काका,” कुणीतरी म्हणालं. “रोजची कटकट कोण मागे लावून घेणार?” दुसरा म्हणाला, “तुमच्यासारखं जमणार आहे का कुणाला?” ह्यांचा चेहरा खुलला. मी बघितला ना! हात आपसूक चावीकडे निघाला.

तेवढ्यात बाई पुढे आल्या आणि त्यांनी चावी उचलली. “महिनाभर माझ्याकडे. मग शेजारच्या घरात. असं फिरत राहील.”

ह्यांनी हात मागे घेतला. “आणि महिन्यानंतर तुम्ही दिली नाहीत तर?”

बाईंनी पर्स उघडली आणि खडूचा एक तुकडा ह्यांच्या तळहातावर ठेवला. “तर दारावर लिहा.”

ह्यांच्या खिशात आता चावीच्या जागी तो खडू असतो. पँट धुवायला टाकताना मी तो आठवणीने काढून ठेवते.