बोंबलाच्या पानावरची धूसर अक्षरं

त्या दिवशी सकाळी मी आणि हिराने वलांडीवरचे सुके बोंबील उतरवले. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधतात ती. ओले बोंबील जोडीने, जबड्यात जबडा अडकवून तिच्यावर टांगायचे. सुकल्यावर सोडवताना त्यांचे दात बोटाला लागतात. हिरा शिव्या देत होती... मला नाही, बोंबलांना. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि बोईसरला दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. उभी हयात रात्रीच्या समुद्रात काढली, तिथे माशांशिवाय मला कोणी भेटलं नाही. चौथी शिकलोय, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

आमचं घर तारापूरजवळ, खाडीच्या अलीकडे. मुलगी वैशाली बोईसरला कॉम्प्युटरवर काम करते, बेटेगावला खोली घेऊन राहते. तिने आईच्या सुक्या मासळीसाठी मोबाईलवर बघायचं एक पेज बनवलं होतं. पालघर-सफाळ्याची गिऱ्हाईकं त्यावरून फोन करायची. प्रत्येक मासळीचा फोटो, आणि बोट लावलं की तो पत्त्याच्या पानासारखा गर्रकन फिरायचा. मागे माहिती. बोंबलाच्या मागे लिहिलं होतं – ‘हे बोंबील हिराबाईने स्वतःच्या हाताने सुकवलेत.’

हिरा कधी शाळेत गेली नव्हती. म्हातारपणी बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची. जोडाक्षर आलं की गाडी थांबायची, ओठ नुसते हलायचे. ही ओळ तिला स्वतः वाचायची होती. पण तिच्या फोनवर पान फिरून थांबलं की अक्षरं धूसर. पाणी पडलेल्या कागदासारखी.

मी म्हटलं, “फोनला काय झालं नाय. तुझा डोळा गेलाय.”

“डोला चांगला असता तर तुमाला पसंत केला असता काय?”

वैशाली हसून हसून वाकली. म्हणाली, “आई, दे इकडे, मी वाचून दाखवते.”

“नको. नाव माजा हाय, मीच वाचीन.”

मग वैशालीने मला समजावलं. “बाबा, पान फिरवताना फोन अक्षरांचा फोटो काढतो आणि तो फोटो फिरवतो. फिरणं संपलं की फोटो सोडून खरी अक्षरं परत मांडायला पाहिजेत. आईचा फोन फोटोच धरून बसतो.” तिने पानाची रुंदी बदलून बघितली, अजून काय काय केलं. तिच्या लॅपटॉपवर साफ, आईच्या फोनवर तेच.

“आई, फिरवणंच काढून टाकू?”

“नको गो, फिरतो तो बरा दिसतो. तू कर नीट सावकाश. मना कुठं घाई हाय?”

असं म्हणाली. आणि गेली.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. भर दुपार, लख्ख ऊन. वैशाली कपडे आणायला बेटेगावला गेली होती. घरात मी एकटा. हिराचा फोन फळीवर होता, तो घेतला. पेज उघडंच होतं. बोंबलाला बोट लावलं. पान फिरलं, थांबलं. धूसर.

ठेवणार, तेवढ्यात पहिलं अक्षर साफ झालं. ‘हे’. नुसतं तेवढंच. मग ‘बों’. मग ‘बी’. मग ‘ल’. बाकीची ओळ तशीच धूसर. मी बोट लावलेलं नव्हतं, फोन मांडीवर होता. ‘हि’... ‘रा’... सावकाश, एकेक. ‘स्व’पाशी आल्यावर थांबलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी श्वास धरून बसलो. तोंडावर आलं होतं, स्व म्हण गो, स्व... पण बोललो नाही. तिला सांगितलेलं चालायचं नाही. मग ‘स्व’ साफ झालं आणि पुढची अक्षरं पहिल्यापेक्षा भरभर आली. शेवटपर्यंत. क्षणभर पूर्ण ओळ नवीन पाटीसारखी दिसली आणि सगळी परत धूसर झाली.

तेव्हा मात्र बोलायला हवं होतं. ‘वाचलंस गो’ एवढं तरी. तोंडातून शब्द फुटला नाही, त्याची चुटपुट आजही आहे.

संध्याकाळी वैशालीला सांगितलं. तिने फोन घेऊन पान दोनदा फिरवून बघितलं. मग म्हणाली, “बाबा, आई गेल्यापासून मी त्या पेजला हात लावलेला नाय. आणि साफ झाली तर सगळी एकदम होतात. एकेक अक्षर... असं होतच नाय.” तिने ऑफिसातल्या दोघांना फोन करून विचारलं. तेही हेच म्हणाले. कोणाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा. ऊन होतं, झोप लागली असेल, हे सांगू नका. मी जागा होतो.

रात्री जेवताना वैशालीला म्हटलं, “काढून टाक ते फिरवणं.”

“आईला आवडायचं.”

“म्हाईत हाय. पण तिने वाचलं आता. काढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काढलं. लॅपटॉपवर थोडं काहीतरी खाटखूट केलं, माझा चहासुद्धा संपला नव्हता. मग तिने हिराचा फोन माझ्या हातात दिला. फोटोच्या खालीच ओळ होती, साधी, काळी, स्वच्छ. मी ती वाचली. एका दमात वाचून झाली.