गुमीचं स्थळ

आमची झुंबर वयानं माझ्या पाठची, पन हट्टानं माझ्या पुढं. जालन्यात लोक तिला मानायचे ते काही उगंच न्हाई. एकतर ती माझी बहीन. दुसरं म्हंजे तिच्या अंगात जो धीर व्हता तो आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणात न्हवता, अन् आमच्या घराण्यात न्हाई तो बाहेर कुठून असणार?

मी बद्रीनाथ. निजाम सरकारचं राज्य व्हतं तवाची ही गोष्ट. मस्तगडात राहायचो, स्वतःची बैलगाडी व्हती, अन् शेटलोकांचा माल गावोगावच्या बाजाराला नेऊन घालायचो. चौथीपर्यंत शिकलो, उर्दूसकट. माझे बैल असे की मोटार समोरून आली तर मोटारीनंच बाजूला व्हावं. झुंबरचा नवरा तापानं गेला, मंग मी तिला केदारखेड्याहून घरी आणली. म्हणलं, "बैस, खा, भाऊ खंबीर हाये."

ती म्हणली, "खंबीर हायेस तर मला काम बघून दे."

गावाबाहेर मारवाडी महाजनांची पांजरपोळ व्हती. लुळे बैल, आंधळ्या घोड्या, जखमी कुत्री, सगळ्यांना तिथं आसरा. झुंबर तिथं शेण काढायला, पानी पाजायला जाऊ लागली. तिथं तिला गुमी भेटली.

गुमी म्हंजे कुत्री. मातीच्या रंगाची, एक कान पांढरा. कुण्या टवाळानं तिच्या शेपटीला राकेलचा डबा बांधून तिला गावभर पळवल्तं. पाय मोडला तवा पांजरपोळीत आल्ती. पाय बरा झाला, जीव काही बरा झाला न्हाई. बादलीचं कडं वाजलं की गव्हाणीखाली. कुणी शिंकलं की गव्हाणीखाली. मी एकदा तिथं नुसता हसलो. माझं हसणं जरा मोकळं हाये. तर ती दिवसभर बाहेर आली न्हाई.

झुंबरनं तिला काय केलं? काहीच न्हाई. तिच्याकडं पाठ करून तूर निवडत बसायची. भाकरीचा तुकडा मागं ठेवायचा अन् वळून बघायचं न्हाई. आषाढात बसली, दसऱ्याला गुमीनं तिच्या पदरावर तोंड ठेवलं. मला तर डाळ शिजूस्तोवर धीर निघत न्हाई.

अन् नेमकं तवाच पांजरपोळीचा कारभार बघणारे रतनलाल शेट आले. माणूस चांगला, पन कायद्याचा. म्हणले, "देखो झुंबरबाई, ही आता धडधाकट झाली. पांजरपोळ लुळ्यापांगळ्यांची. पंचांनी ठरवलंय, दिवाळीनंतर चांगलं जनावर ठेवायचं न्हाई. घर बघा, न्हाईतर फाटकाबाहेर सोडा."

फाटकाबाहेर गावची कुत्री टपून बसलेली असायची, एकेक वासराएवढं. गुमीला तिथं सोडणं म्हंजे त्यांना जेवायला वाढणं. झुंबरनं त्या दिवशी अन्न घेतलं न्हाई. बरं, घरी आणावी तर आमच्या भिंतीला लागून तांबटाचं दुकान. सकाळपासून घण. गुमी तिथं एक दिवस जगली नसती.

मी म्हणलं, "रडतीस कामून? घर बघायला असा किती वेळ लागतो? तुझं स्थळ मी एका बैठकीत ठरवल्तं."

"म्हणून तर भीती वाटून राह्यली, दादा."

"काय कमी व्हतं त्या स्थळात?"

"सासरा बहिरा व्हता. घरात समदे वरडूनच बोलायचे. मला वर्षभर वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय."

"पन जमीन कशी काळीभोर व्हती!"

"गुमीला जमीन नकोय."

तरी मी हिंमत सोडली न्हाई. भोकरदनच्या रस्त्याला एका गावात काकासाहेब म्हणून मोठे जमीनदार व्हते, माझ्या वळखीचे. त्यांना खळ्यावर राखणीला कुत्रं पाहिजे व्हतं. मी पटका बांधला, गाडी जुंपली, झुंबरला बसवलं. गुमीला न्यायचं न्हाई, आधी घर बघायचं, असं झुंबरचं म्हणणं. काकासाहेब झोपाळ्यावर बसल्ते.

"या बद्रीनाथराव. कुत्रं कसंय?"

"कसंय म्हंजे? वाघ हाये वाघ! रात्री तुमच्या खळ्यावर वारा आला तरी विचारून येईल."

झुंबरनं मला असा चिमटा काढला की मी पुढचं बोलायचं इसरलो. मंग तिनं प्यायला पानी मागितलं. तांब्या आला. अन् तिच्या हातून तो फरशीवर पडला, ठण्णकन! काकासाहेब झोपाळ्यावरून उडालेच. गडी बिचारा तिकडं विहिरीवर व्हता, त्याच्या नावानं सुरू झाले, मंग त्याच्या बापावर गेले, मंग त्याच्या गावावर.

झुंबर म्हणली, "काकासाहेब, तांब्या माझ्या हातून पडला."

"तुम्ही पाव्हण्या, तुमचं काही न्हाई. पन त्या हरामखोरानं तांब्या इतका गुळगुळीत घासलाच कामून?"

झुंबर उठली, पदर सावरला अन् म्हणली, "येतो आमी."

वाटंत मी इचारलं, "तांब्या मुद्दाम पाडलास?"

"तू बैल घेताना दात बघतोस का न्हाई? तसंच."

अक्कल आमच्या घरातली हाये, हे मात्र मला तवाच कळलं.

दुसरं घर झुंबरनं स्वतः काढलं. जुगलकिशोर शेट, जालन्यातलेच, कापडवाले. घर असं की मुंगीला साखर घातल्याशिवाय दुकान उघडायचे न्हाईत. तिथंही तांब्या पडला. शेटाची बायको प्रेमबाई लगबगीनं आली अन् स्वतःच्या हातानं पानी पुसत म्हणली, "कोई बात नहीं बाई, लागलं तर न्हाई ना?" झुंबर माझ्याकडं बघून हसली. म्हणलं, झालं, जमलं!

दुसऱ्या दिवशी गुमीला डालग्यात घालून नेलं. तर अख्खं घर दारात उभं. पोरं, सुना, नणंदा, दुकानातले मुनीम. प्रेमबाईनं गुमीला कुंकू लावायला हात पुढं केला. एका पोरानं जिलबी दिली, दुसऱ्यानं पेढा, तिसऱ्यानं प्रेमानं शेपटीच धरली. "आ जा गुमी, आ जा बेटी!" असा एकच गलका. गुमी जी सुटली ती दुकानातल्या गादीच्या तख्ताखाली. शेट वर बसलेले, गिऱ्हाईक समोर, अन् तख्त थरथरून राह्यलं. एक गिऱ्हाईक तर भूकंप म्हणून पळालं. गुमीचा माग काढत पोरं तख्ताखाली शिरली, पोरांना काढायला सुना शिरल्या. शेवटी झुंबर समद्यांना बाहेर घालवून तख्ताकडं पाठ करून बसली. दुकान त्या दिवशी उघडं राहून बंदच व्हतं. सांजच्याला गुमी बाहेर आली.

प्रेमबाईच्या डोळ्यात पानी. "बाई, आमी तर मायाच केली."

झुंबर म्हणली, "ताई, माया लई चांगली. पन हिला ती थोडी थोडी द्यावी लागते."

झालं. दिवाळी तोंडावर आली. रतनलाल शेटांनी पुन्हा इचारलं. झुंबर म्हणली, "बघून राह्यले."

त्याच दिवसात मला कुंभार पिंपळगावच्या बाजाराला मीठ अन् गूळ घेऊन जायचं व्हतं. झुंबर म्हणली, "मी येते. गुमीलाबी घेऊ. वाटंत कुठंतरी घर दिसंल." मी म्हणलं, "घर काय झाडाला लागतं का?" तरी नेलं. मीच नेलं, हे ध्यानात ठेवा. वाटंत गाडी लांब उभी करून तिनं गावागावांत तांबे पाडले. एका गावात तर तिला पानी द्यायला लोक भ्यायला लागले.

बाजारात माल उतरवला अन् झुंबर म्हणली, पांजरपोळीला एक रांजण घ्यायचाय. म्हणून आमी रखमाजी कुंभाराकडं गेलो. गाडी दारात सोडली, डालगं गाडीतच. अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. दिवाळीच्या पणत्या, लक्ष्मीपूजेची बोळकी, सगळं ओलं-कच्चं, उंबऱ्यापर्यंत वाळत घातलेलं. मधून वीतभर वाट. रखमाजी चाकावर. त्याची आई सगुणाबाई एका कडंला मडकं थापटत बसलेली. सून डोक्यावर पणत्यांची फळी घेऊन अशी चालून राह्यलेली की जणू पाण्यावरून चालतीय.

मी हळूच म्हणलं, "झुंबर, इथं तांब्या पाडू नको. मार खाऊ."

पन तिनं पानी मागितलंच. अन् तांब्या पडलाच.

आवाज झाला तशी गाडीतल्या डालग्याचं झाकण उडालं. गुमी बाहेर! तिला वाटलं, पुन्हा डबा बांधला. उडी मारली ती थेट अंगणात. दोन-चार पणत्या चपटल्या, एक बोळकं गेलं, अन् ती बरोबर मधोमध. चारी बाजूंनी कच्ची मडकी.

मी वरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात सगुणाबाई, आवाज न चढवता, म्हणली, "हलू नका कुणी."

अन् समदे जिथल्या तिथं थांबले. सून फळी डोक्यावर घेऊन, एक पाय वर. रखमाजीचे हात हवेत, हातातून चिखल गळतोय, चाक आपलं एकटंच फिरतंय. माझं तोंड उघडं ते उघडंच. नाकावर माशी बसली, पन मी हललो न्हाई. हलणाऱ्यातला मी न्हाईच.

सगुणाबाई म्हणली, "पडलेलं एक फुटतं, बाबा. धावणारा धा फोडतो."

गुमी थरथरत व्हती. तिनं एक पाय उचलला, ठेवायला जागा दिसंना, परत तिथंच ठेवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी वरडंना, कुणी बोलवंना, कुणी धरायला येईना. हळूहळू चाक थांबलं. मंग तीबी हळूहळू खाली बसली, अंगाचं असं वेटोळं करून की एका बोळक्याला केस लागला न्हाई.

रखमाजीनं तिच्याकडं बघत बघत हात पुसले. मंग म्हणला, "हे कुत्रं कुणाचं?"

"कामून?" मी इचारलं.

"आमचं मागचं कुत्रं शूर व्हतं. मांजरामागं धावलं अन् एका भट्टीचा माल तुडवला. तवापासून ठेवलं न्हाई. आता मांजरं माजलीत. भित्रं कुत्रं पाहिजे, ज्याला पाय जपून टाकता येतो असं. कुत्र्याच्या नुसत्या वासानंच मांजर यायचं न्हाई. पन भित्रं देतो कोण? जो तो म्हणतो, वाघ हाये."

माझ्या जिभेवर वाघच आल्ता. गिळला. म्हणलं, "भित्रं? रखमाजी, अहो, अशी भित्री कुत्री पार हैदराबादेपर्यंत जा, मिळायची न्हाई! स्वतःच्या सावलीला वाट देते. हिच्याइतकं भिणारं जनावर निजामाच्या मुलखात दुसरं असंल तर मी गाडी इकीन!"

अन् पहिल्यांदाच झुंबरनं मला चिमटा काढला न्हाई.

ती सगुणाबाईजवळ बसली. म्हणली, "मावशी, तिला हाक मारू नका. हात लावायला जाऊ नका. लई दिवस लागतील."

"माय, कच्चं मडकं आमी काय फुंकून वाळवतो का?" म्हातारी म्हणली. "ज्याला जितका वेळ लागतो तितका लागतो."

झुंबरला तेवढं पुरलं. गुमी तिथंच मधोमध, डोळे मिटून. रांजण गाडीत चढवला, झुंबर गुमीकडं पाठ करून बसली अन् म्हणली, "हाण, दादा."

गाव मागं पडलं तरी तिनं वळून बघितलं न्हाई. मी म्हणलं, "तुझी पाठवणी केली तवा मलाबी असंच झाल्तं."

"तवा तू जिलबी खात व्हतास."

"दुःखानं खात व्हतो."

तेवढ्यावर ती हसली. पन घरी आल्यावर रोज इचारायची, पिंपळगावाकडून कुणी आलं का, कुणी भेटलं का. दिवाळी झाली. पांजरपोळीत गव्हाणीखाली झाडताना तिचा हात रेंगाळायचा, असं रतनलाल शेटच मला म्हणले.

दिवाळीनंतर मी पुन्हा माल घेऊन गेलो अन् बाजाराच्या आधी कुंभाराचं घर गाठलं. अंगणात पाऊल टाकतो न टाकतो तोच रांजणामागून गुमी आली. मान ताठ, पांढरा कान उभा. माझ्यापासून दोन हात अंतरावर थांबली अन् भुकली! माझ्यावर! तिचा आवाज कसा हाये ते तोवर कुणालाच ठाऊक न्हवतं, झुंबरलासुद्धा. रखमाजी चाकावरून हसून म्हणला, "बद्रीभाऊ, तिच्या घरात शिरताना इचारायचं."

मी काही रागावलो न्हाई. गाडी अशी पळवली की बैलांना वाटलं घरी आग लागलीय. मस्तगडात उतरलो अन् वरडलो, "झुंबर! गुमी भुकली!"

तिच्या हातातलं सूप खाली आलं. "खरं? कशी भुकली?"

"कशी म्हंजे? भुकली."

"न्हाई दादा. जाड का बारीक? एकदाच, का सारखी? पळता पळता, का उभी राहून?"

आता हे बोलून कसं सांगणार? तांबटानं घण थांबवला, शेजारच्या बाया दारात आल्या. मी पटका नीट केला, अंगणाच्या मधोमध उभा राह्यलो, मान ताठ केली अन् भुकलो.

झुंबर डोळे पुसत म्हणली, "पुन्यांदा."