गोदाक्काने धुतलेली चादर

शिर्डीला बाबांच्या पुढ्यात उभी राहूनही मी हात जोडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. लोक असे अनुभव लिहितात तेव्हा भक्तीत भिजून लिहितात. माझं तसं नाही. त्या सोमवारी मी बाबांकडे गेले ती भांडायलाच. तीन तास रांगेत उभी राहिले आणि समोर पोचल्यावर मनात म्हटलं, "आम्हा नऊ बायकांवर चोरीचा आळ आलाय. तो निघेपर्यंत मी तुम्हाला हात जोडणार नाही. बसा बघत." मागच्या बाईने ढकललं, पहारेकऱ्याने पुढे व्हा म्हणून हाकललं, आणि मी उदीसुद्धा न घेता बाहेर पडले.

आम्ही नऊजणी पुणतांब्याच्या बाजूला एका वस्तीवर राहतो. मी शिर्डीतल्या एका लॉजवर बारा वर्षं खोल्या आवरल्या. सासूला दवाखान्यात न्यायला सुट्टी मागितली, तर उद्यापासून येऊ नका म्हणाले. तेव्हाच ठरवलं, आता दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं नाही आणि कुणाला आपल्या हाताखाली राबवायचंही नाही. वस्तीतल्या बाया कांदा काढायला, खुरपायला जायच्या, तेही वर्षातले थोडेच महिने. हॉटेलांच्या बेडशीट धुण्याचं काम मला माहीत होतं. बचत गटातून धुलाईचं एक मोठं जुनं मशीन घेतलं, पत्र्याची शेड उभी केली आणि चाळिशी उलटल्यावर मी टेम्पो चालवायला शिकले. आमच्यात मालकीण कोणी नाही. मशीन चालवणारीला जेवढं मिळतं तेवढंच घड्या घालणारीला. सुरुवातीला गावातल्या काहींनी नाकं मुरडली. वस्तीवरच्या बायकांनी धुतलेल्या बेडशीटवर झोपणार कोण, असं विचारलं. झोपले की! कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेली माणसं आमच्या हातच्या बेडशीटवर गाढ झोपली आणि सकाळी उठून काकडआरतीला गेली.

आमचं निम्मं काम एका मोठ्या हॉटेलचं होतं. त्या सोमवारी मी गाठोडी आणायला गेले तर मॅनेजरने गाठोड्यांऐवजी एक कोरा कागद पुढे केला. एका म्हाताऱ्या पाहुण्याने बाबांना वाहायला आणलेली चादर खोलीतून नाहीशी झाली होती. फिकट पिवळी, रेशमी, काठाला हाताने शिवलेली जर. धुण्यातून गेली असणार आणि वस्तीवरच्या बायकांनी ठेवून घेतली असणार, हे त्याने आपलं आपणच ठरवलं होतं. "जास्त काही नाही हो. चादर आम्ही घेतली, चुकलो, एवढ्या दोन ओळी लिहा, सही करा. काम तुमचंच राहील," तो म्हणाला. वर अगदी उपकार केल्यासारखं हसला. मी तो कागद घडी करून पिशवीत टाकला आणि म्हटलं, आमच्या शेडमधून आजवर उशीचा अभ्रा हरवलेला नाही, सही होणार नाही. तिथून तडक मंदिरात गेले, ते वर सांगितलंच.

वस्तीवर येऊन सगळं सांगितलं तर आमच्यातच दोन तट पडले. सुनंदाचा नवरा झाडावरून पडून अंथरुणाला खिळलेला. ती म्हणाली, "ताई, दोन वळी लिव्हल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय? घरात खानारी तोंडं हायेत माझ्या." तिचं खोटं नव्हतं. मंगळवारी मशीन अर्धा दिवस चाललं, बुधवारी तासभर. मला दिसत होतं की माझ्या ताठपणाची किंमत आठ जणींच्या चुली मोजणार आहेत. तरी हात त्या कागदाकडे जाईना. एकदा चोर म्हणून लिहून दिलं की आमच्या पोरींनाही त्या गावात चोराच्या पोरी म्हणून फिरावं लागलं असतं. मनात बाबांवर राग साचत होता. एवढी गर्दी तुमच्याकडे, एवढे हार, एवढे पेढे, आणि तुमच्या गावात आमची बाजू घ्यायला एक माणूस मिळू नये?

दर गुरुवारी दुपारी आम्ही मशीन बंद ठेवतो. ते पुसायचं, हळदकुंकू लावायचं, शेडमध्येच आरती म्हणायची. त्या गुरुवारी गोदाक्का परत आली. गोदाक्का आमच्यातली सगळ्यात मोठी, सत्तरीला टेकलेली. मशीनने निघत नाही तो डाग तिच्या हाताने निघतो. ती रविवारी पहाटेच लेकीच्या बाळंतपणासाठी कोपरगावला गेली होती, त्यामुळे तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आल्या आल्या तिने घरातली पेटी उघडली, एक घडी आणली आणि झटकून मशीनवर अंथरली. फिकट पिवळी, रेशमी, काठाला जर.

आरती तशीच राहिली. गोदाक्का आमच्या तोंडांकडे बघत म्हणाली, "अगं, शनवारी उशीच्या अभ्र्यात घावली. काफीचा ह्यो एवढा डाग हुता. देवाचं वस्तर लोकाच्या झोपायच्या कापडात कसं टाकू? घरी न्हेऊन येगळ्या घमेल्यात रिठ्यानं धुतली, सावलीत वाळवली. मला वाटलं कुनी परसाद म्हनून ठिवून गेलं आसंल. म्हनलं, गुरवारी मशिनीवर घालू."

शिर्डीत वाहिलेल्या चादरी प्रसाद म्हणून लोकांना परत मिळतात, हे तिला माहीत होतं. पाहुण्यांची विसरलेली वस्तू हॉटेलला कळवायची असते, हे तिला कधी सांगायचं मला सुचलंच नव्हतं. ती चूक माझी. पण त्या घडीला मला सुचत होतं एवढंच की मी बाबांपुढे छाती पुढे काढून बोलून आले आणि वस्तू आमच्याच पेटीत होती. सुनंदा हळूच म्हणाली, "गोदावरीत सोडून देऊ. कुनाला कळतंय?" खरं सांगते, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. मग गोदाक्काने विचारलं, "सोडायची कशापायी? आपुन काय चोरलीया?" म्हातारीने एवढ्या सरळपणे विचारलं की माझी मान आपोआप वर झाली.

गोदाक्का, सुनंदा, मी आणि आणखी एक अशा चौघी टेम्पोत बसलो. गोदाक्काने चादर डोक्यावर घेतली, कारण देवाचं वस्त्र काखोटीला मारून नेत नाहीत. हॉटेलच्या पुढच्या काचेच्या दारातून आत शिरलो तसा मॅनेजर धावत आला. "अहो, मागच्या दाराने या, इथे गेस्ट बसलेत."

मी म्हटलं, "चोरी मागच्या दाराने जाते. आम्ही परत द्यायला आलोय."

चादर बघताच त्याचा चेहरा खुलला. "बघा! निघाली की नाही वस्तीतूनच!" बसलेली माणसं वळून बघायला लागली. गोदाक्का मात्र शांतपणे म्हणाली, "सायेब, तुमी धुनं धाडलं, आमी धुऊन आनलं. आमचं काम त्येच हाय."

तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ उठले. शेजारी बांधलेली बॅग होती, स्टेशनला न्यायला आलेली गाडी दाराशी उभी होती. आम्ही दहा मिनिटं उशिरा आलो असतो तर ते भेटलेच नसते. त्यांनी चादर उलगडली आणि एकच कोपरा शोधला. तो पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिला आणि तोंड चादरीत लपवून रडायला लागले. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदीही मोडकी. पण समजलं. काठाची जर त्यांच्या बायकोने आजारपणात शिवली होती. ती गेली, आणि हे तिचा नवस फेडायला एकटेच आठवड्यासाठी आले होते. येताना बसमध्ये चादरीवर कॉफी सांडली. डागाळलेली चादर बाबांना कशी वाहायची म्हणून त्यांनी ती उशीच्या अभ्र्यात दडवली, आणि ती नाहीशी झाली तेव्हा बाबांनी आपल्याला नाकारलं असं धरून बसले. त्यांनी फक्त कुणी पाहिली का, एवढंच विचारलं होतं. मॅनेजरकडे वळून ते म्हणाले, "चोरी कौन बोला? मैं नहीं बोला." आणि गोदाक्काचे सोड्याने भेगाळलेले दोन्ही हात त्यांनी आपल्या डोळ्यांना लावले.

मी पिशवीतला कागद काढून काउंटरवर ठेवला, होता तसा कोरा.

हॉटेलचं पुढे काय झालं तेही सांगते. शनिवारी मॅनेजरचा फोन आला, गाठोडी साचलीत म्हणाला. मी म्हटलं, येते, पण पुढच्या दाराने. पाहुणे बघतील, असं तो चाचरत म्हणाला. बघू देत, मी म्हटलं. तेव्हापासून आमची गाठोडी पुढच्या दाराने जातात. आणि आमच्याकडे सापडलेली प्रत्येक वस्तू गोदाक्काच सगळ्यांदेखत बाजूला ठेवते आणि मी त्याच दिवशी कळवते.

त्या गुरुवारी मात्र म्हाताऱ्यांनी गाडी परत पाठवली. गाडी चुकेल म्हणून फोनवर त्यांचा मुलगा ओरडत होता, तर त्यांनी फोनच बंद केला. मंदिरात वयस्कर माणसांची वेगळी रांग होती, पण ते हलेनात. "सब साथ," एवढंच म्हणत आमच्याबरोबर मोठ्या रांगेत उभे राहिले. गुरुवारची गर्दी, पाय भरून आले, पण सुनंदाने त्यांना आधार दिला आणि दर वळणावर पाणी पाजलं. आत पोचलो तेव्हा चादरीचे चार कोपरे चौघींच्या हातात होते आणि मधोमध ते उभे होते. समोर बाबा. हात जोडावेत असं आतून उसळून आलं. पण कोपरा सोडला असता तर चादर जमिनीला लागली असती. दोन्ही हातांनी मी तो घट्ट धरून ठेवला.

म्हणजे त्याही दिवशी मी हात जोडले नाहीत. आळ निघाला होता, रागात दिलेला शब्द संपला होता, तरी बाबांनी माझे हात आधी त्या चादरीलाच लावले. हा चमत्कार होता का, ते मला माहीत नाही आणि मी कुणाशी वाद घालणार नाही. गोदाक्काकडे बघून एक कळलं, की एका ठिकाणी पुरतं शरण गेलं की बाकी कुठे वाकायची पाळी येत नाही. पुजाऱ्याने चादर घेतली, माझे हात मोकळे झाले, तोवर पहारेकऱ्याने पुढे ढकललंही होतं. बाहेर आल्यावर मी उदी घेतली, आणि कळसाकडे बघत भर रस्त्यात हात जोडले.