भावोजींची हिरवी रेघ

पेणपासून रोह्यापर्यंत, मधली गावं, खाड्या आणि मिठागरं धरून, स्वतःच्या दोन कानांपेक्षा एका हिरव्या रेघेवर जास्त विश्वास ठेवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. भावोजी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या पेणच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक मी. म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये लोक उठून जाऊ नयेत म्हणून जो बडबडत राहतो, तो.

रेघ म्हणजे सीआरओची. कंपनीने भंगारात काढलेलं हे यंत्र भावोजींनी रोह्याला घरी आणलं. लहानसा गोल पडदा, आणि त्यावर आवाजाची लाट हिरवीगार होऊन नाचते. ते आलं आणि ताईच्या घरातली शांतता गेली. भावोजींनी मिक्सर मोजला, देवघरातली घंटा मोजली, शेजारच्या कोंबड्याची बांग मोजून "वरच्या बाजूनं फाटलाय" असा निकाल दिला. एकदा ताई चिडून ओरडली, तर यांनी लगेच तिच्यापुढे माइक धरला. "पुन्हा ओरड गो, काय मस्त रेघ आलेली!" त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. तालमीलाही ते धूड गोधडीत गुंडाळून एसटीने पेणला यायचं. गडब गावाच्या आसपास कंडक्टरने एकदा गोधडीवर टिचकी मारली.

"काय हाय यात? टीव्ही?"

"टीव्हीत चित्र दिसतं. ह्यात आवाज दिसतो."

"मग लगेज लागंल."

"आवाजाला?"

"गोधडीला."

आमच्या ढोलकीवाल्याच्या भावाने कुवेतहून भावोजींसाठी एक पेडल आणलं होतं. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी लोखंडी डबी. गिटारच्या वायरीत जोडायची आणि पायाने दाबायची. एक सूर छेडला की मागून त्याचे पडसाद येत, एकापेक्षा एक दबके, लांब जात विरणारे. भावोजींचा त्या डबीवर इतका जीव की पावसाळ्यात ती तांदळाच्या डब्यात झोपायची. नव्वदीनंतरच्या कुठल्याशा वर्षी ती बिघडली. म्हणजे, बिघडली असं भावोजी म्हणाले. "पडसाद मरतायत. दोन येतात, तिसरा येतच नाय." मला पाच येत होते. पण निवेदकाला संगीतातलं मत कोण विचारतो?

मग त्यांनी डबीची बटणं पिळून पडसाद वाढवायला सुरुवात केली. स्टेजवर पडसादांचा नुसता बाजार भरला. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला विंगेत गाठलं. "तुझ्या मेहुण्याला आवर. गाणारी बाई दुसऱ्या कडव्यात गेली तरी याची पहिल्या कडव्याची भुतं फिरतायत. नवरात्रीपर्यंत डबी नीट झाली तर ठीक, नाय तर मी दुसरा गिटारवाला बघतो."

झालं! भावोजींनी डबी उघडली. आत तीन बारीक प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायच्या चकत्या: एक पडसाद किती उशिरा यायचा त्याचा, एक तो किती वेळा यायचा त्याचा, आणि एक लाट वर-खाली सारखी राहावी, फाटू नये, त्याचा. लोखंडी पात्याने रेघ हलते म्हणून ताईच्या टूथब्रशचा दांडा घासून पेचकस बनवला. ताईने नवा ब्रश आणला, तोही घासला. प्रत्येक सुट्टीला रेघ जुळायची, आणि प्रत्येक कार्यक्रमात भावोजींना पुन्हा दोनच पडसाद. दोष कधी बॅटरीचा, कधी वायरीचा, कधी रोह्याच्या दमट हवेचा. मी गमतीत म्हटलं, "भावोजी, कान तर नाही?" ते उसळले. "कान माणसाचा असतो. माणूस फसतो. रेघ नाय फसत."

कंपनीत त्यांची उमर कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली होती. तिथे इतका आवाज की दोन माणसं खुणांनीच बोलतात. कंपनीने उदार होऊन कानात घालायला कापूस दिला होता. वर्षातून एकदा डॉक्टर यायचे, समोर बसून विचारायचे, "ऐकू येतं?" भावोजी त्यांच्या ओठांकडे बघून म्हणायचे, "येतं." दरवर्षी कानांची परीक्षा डोळ्यांनी दिली, आणि दरवर्षी पास.

नवरात्रीच्या आधीच्या रविवारी दुपारी मी रोह्याला होतो. भावोजींनी तार छेडली. पडद्यावर वरची रेघ गिटारची, खालची पडसादांची. खालच्या रेघेवर एकामागून एक टेकड्या उठल्या, सुबक, कुठेही न फाटलेल्या. त्यांनी बोटाने मोजल्या. पाच. पुन्हा छेडली. पाच. ताई पडद्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती.

"गो, किती आले?"

"पाच," ताई मान न वळवता म्हणाली.

भावोजींनी टूथब्रशचा पेचकस बाजूला ठेवला. मग डबीचं झाकण लावलं, चारही स्क्रू सावकाश पिळले. "डबीत काय दोष नाय," ते म्हणाले. इतकी वाईट बातमी मी पुन्हा कधी ऐकली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकांना सांग, दुसरा बघा."

मालकांनी कीबोर्डवाला आणला. त्याचे पडसाद बटण दाबलं की येत. नवरात्रीत मी त्याची ओळख करून दिली, भावोजींसाठी राखून ठेवलेली सगळी विशेषणं लावून. टाळ्याही तेवढ्याच पडल्या. 'गिटारवाले कुठे गेले' असं एकानेही विचारलं नाही.

पुढे रोह्याला गेलो की पहिली पाळी संपवून आलेले भावोजी सीआरओसमोर बसलेले दिसत. गिटार कपाटावर. माइक मात्र डबीला जोडलेला, आणि तो ताईच्या पुढ्यात. "बोल गो कायतरी."

"काय बोलू? चहा निवला तुमचा."

ताईचे शब्द खोलीत पाच वेळा फिरत आणि विरत. सगळं शांत झालं म्हणून मी तोंड उघडलं की भावोजी हात वर करून मला थोपवायचे. नजर पडद्यावर, रेघेच्या अगदी शेवटच्या थरथरीवर.

"थांब. बोलतेय ती अजून."