सात किलो आणि दोन लुगडी

कुसगावात आमचं चार खोल्यांचं लॉज आहे. शनिवारी माणसं येतात, सोमवारी सकाळी जातात. पंचवीस वर्षं त्यांच्या बॅगा बघून माझं एक ठाम मत झालंय, की माणूस जितक्या कमी दिवसांसाठी येतो तितकं जास्त सामान आणतो. दोन रात्रींसाठी पाच बॅगा! भाज्याची लेणी बघायला आलेल्या एका बाईंनी घरून इस्त्री आणली होती. मी तोंडावर काही बोलत नाही, पण स्वयंपाकघरात येऊन पोट धरून हसते.

त्यामुळे माझ्या लेकीने जेव्हा सांगितलं, की व्हिएतनामची तिकिटं काढलीत, तिघींची, पण सामान फक्त हातातलं, प्रत्येकी सात किलो, तेव्हा मी म्हटलं, एवढंच ना? माझं तर पिशवीत मावेल. तिघींतल्या तिसऱ्या माझ्या सासूबाई आहेत, हे त्या फुशारकीत मी विसरले.

या सहलीचं मूळ त्याच होत्या. बहात्तर वर्षांच्या आहेत, औंढ्याला राहतात, अजूनही भाताच्या लावणीला स्वतः खाचरात उतरतात. मागच्या पावसाळ्यात लावणी उरकल्यावर कंबर धरून पडल्या होत्या. लेक त्यांच्याजवळ बसून मोबाईलवर काहीबाही दाखवत होती. त्यात व्हिएतनामच्या बायका निघाल्या. डोक्यावर टोकदार टोप्या, गुडघाभर चिखल आणि हातात रोपं. सासूबाईंनी तो व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला.

"आपल्यावानीच की गं. मागं मागं सरत लावत्यात," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मला बगायचंय हे."

माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली. 'मला' या शब्दाने सुरू होणारी इच्छा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. लेकीने त्याच दिवशी ठरवून टाकलं, की आजीला न्यायचं. तेही फेब्रुवारीत, कारण तेव्हा तिकडे लावणी असते आणि आपली खाचरं कोरडी असतात. म्हणजे आजीला नाही म्हणायला कारणच नको.

मला मात्र धाकधूक होती. सासूबाई घरातून निघतात, पण पोचत नाहीत, हा आमचा अनुभव. कोकणात जायचं होतं तेव्हा गाय व्यायला झाली म्हणून एसटी स्टँडवरून माघारी फिरल्या. नातीच्या पदवीदानाला पुण्याला निघाल्या आणि मळवली स्टेशनचा जिना बघून परत गेल्या. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होतोय असं नुसतं वाटलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं. "तुमी जावा. मी हाये हितंच." मग देवाचा बाप आला तरी त्या हलत नाहीत.

सामान भरायला मी औंढ्याला गेले. सासूबाईंनी बॅग भरूनच ठेवली होती. आमच्या यजमानांनी माळ्यावरचा लटकता काटा काढला आणि बॅग आकड्याला अडकवली. अकरा किलो! उघडून बघते तर बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, तूप, चार लुगडी आणि तळाला चक्क पोळपाट.

"तितं भाकरी न्हाई मिळाली तर?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, आठ दिवस भात खा. भातच बघायला चाललोय ना आपण?"

त्या हसल्या म्हणून बरं, नाहीतर पिठावरून तिथेच महाभारत झालं असतं. पीठ गेलं, तूप गेलं, पोळपाट परत भिंतीला टेकला. दोन लुगडी बाहेर काढली. दोन आत राहिली, तिसरं अंगावर. चटणी मात्र त्यांनी सोडली नाही आणि मिशरीच्या डबीला तर मी हातच लावला नाही, तेवढी अक्कल मला आहे. काटा बरोबर सातवर आला. माझी बॅगही सात. मी इतकी खूश झाले, की लॉजवरच्या पाहुण्यांना आपला आदर्श सांगायचा असंही ठरवून टाकलं.

विमानतळावर काउंटरच्या पोरीने सासूबाईंची बॅग वजनाला लावली. पावणेआठ. माझीही पावणेआठ. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. तिने लेकीची बॅग लावली, ती साडेसहा. लेकीने स्वतःची बॅग पुण्यात वजन करून आणली होती. मी बाजूला होऊन घरी फोन लावला.

यजमान शांतपणे म्हणाले, "बारदान धरलं असंल काट्यानं."

मग उलगडा झाला. आमच्याकडे तांदूळ पोत्यासकट तोलतात. गिऱ्हाइकाला तांदूळ पुरा मिळावा, पोत्याचं वजन त्याच्या माथी पडू नये, म्हणून काट्याचा स्क्रू फिरवून पाऊण किलो आधीच मागे घेतलेले असतात. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. गावात आमच्या मापाला नाव आहे ते यामुळेच.

"मी काय इंद्रायणी तांदूळ विकायला निघालेय का?" मी फोनवर ओरडले. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. लेक म्हणाली, आई, जाऊ दे, जादा वजनाचे भरून टाकू.

पण माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या रांगेतल्या खोळंबलेल्या माणसांकडे बघत होत्या, आणि मग दरवाजाकडे. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. आता ते ठरलेलं वाक्य येणार. इतकं सगळं करून या बाईला मी पाऊण किलोसाठी घरी पाठवणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

सासूबाई काउंटरकडे वळल्या. "बाई, अंगावरचं बी तोलता का गं?"

"नाही आजी," ती पोरगी हसली.

"मग आन ती बॅग हिकडं."

त्यांनी एक लुगडं ओढून काढलं आणि बाथरूम कुठे ते मला विचारलं. नऊवारीवर नऊवारी नेसवणं काय असतं ते मी त्या दिवशी शिकले. मी निऱ्या धरून बसले होते आणि त्या वरून सूचना देत होत्या. आरशासमोरची एक बाई लिपस्टिक अर्धी लावून आमच्याकडेच बघत राहिली. बाहेर आलो तेव्हा सासूबाई दुप्पट रुंद झाल्या होत्या. मी दोन स्वेटर चढवले, चटणीचा डबा खिशात कोंबला. आम्ही दोघी हसत हसत, घामाघूम होऊन विमानात बसलो. त्या उकाड्यातही मला इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू.

चौथ्या दिवशी लेकीने आम्हाला एका खेड्यात नेलं. आभाळ भरून आलेलं, हवेत गारवा. रस्त्याला लागूनच खाचर होतं आणि त्यात सात-आठ बायका ओणव्या होऊन लावणी करत होत्या. सासूबाई बांधावर थबकल्या. काठावरच्या बाईने वर बघितलं, काय समजायचं ते समजली आणि रोपांची एक मूठ त्यांच्यापुढे धरली.

"उतरा आत्या, मी चपला धरते," मी म्हटलं.

त्यांनी त्या बाईला हात जोडले, नको म्हणून मान हलवली आणि बांधावर बसकण मारली.

"अहो, एवढ्या लांब आलोय!"

"उतराया कोन आलंय? औंढ्यात काय खाचरं कमी हायेत?" त्या म्हणाल्या. समोरून नजर न हलवता बोलत होत्या. "साट वर्सं लावनी केली. पर वाकल्यालं मानूस. आपलं पाय दिसत्यात न् रोप दिसतं, दुसरं काय न्हाई. लावनी दिसती कशी, ते बगायचं हुतं मला."

मग मी पण बसले. बायका मागे मागे सरकत होत्या आणि त्यांच्या पुढचं गढूळ पाणी ओळीओळीने हिरवं होत होतं. अर्धं खाचर भरलं, मग पाऊण. मधेच कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या वाकल्या वाकल्याच हसल्या. सासूबाईंना त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्याही हसल्या. शेवटची ओळ झाली तशा त्या बायका हळूहळू कंबर सरळ करत उभ्या राहिल्या.

"लय ग्वाड दिसतं गं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा लाजून, माझ्याकडे न बघता, "मी बी अशीच दिसत आसंन का?"

तीस पावसाळे मी औंढ्याच्या बांधावर भाकऱ्यांची पाटी घेऊन उभी राहिलेय आणि हाक मारायच्या आधी दरवर्षी थोडा वेळ नुसती बघत राहिलेय. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"अश्शाच दिसता, आत्या," मी म्हटलं.